अर्ध्या पायरीचा हिशेब

चेन्नईत बदली झाल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात (तेथे ज्याला हिवाळा म्हणतात त्या ऋतूत), म्हणजे २०१३ च्या डिसेंबरात, मी माझा पहिला डिजिटल एसएलआर कॅमेरा विकत घेतला. रात्री जेवणे आटोपल्यावर त्याची जाडजूड माहितीपुस्तिका घेऊन बसलो. सरकारी नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर कोणतीही नियमावली पहिल्या पानापासून वाचण्याची खोड जडते. वाचता वाचता एका ओळीपाशी अडखळलो. कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये 'एक्स्पोजर इन्क्रिमेंट' अशी एक नोंद होती आणि तिच्यापुढे दोन पर्याय होते, एकतृतीयांश किंवा अर्धा.

मी ती ओळ मोठ्याने वाचली असावी. कारण सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, इन्क्रिमेंट तर जुलैत मिळते ना?"

त्यांचे चुकले नव्हते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याच्या घरात या शब्दाला एकच अर्थ असतो. सहाव्या वेतन आयोगाने सर्वांसाठी १ जुलै ही एकच तारीख आणि ३ टक्के हा एकच दर ठरवून दिला होता. सातव्या आयोगाने जानेवारीचा आणखी एक मुहूर्त दिला, पण दर तोच राहिला. मी हसलो आणि पुस्तिका मिटली. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. प्रकाश कमीजास्त करायचा तर कितीच्या पायरीने करावा? बारीक पायरी घ्यावी की ठसठशीत? अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला असा प्रश्न सोडवत नाही. पुढे काही वर्षांनी हाच प्रश्न कचेरीतल्या एका कागदावर माझ्यापुढे पुन्हा उभा राहिला, म्हणून आज हे लिहीत आहे.

ज्यांना कॅमेऱ्याची सवय नाही अशा वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण द्यायला हवे. छायाचित्रणात प्रकाश मोजण्याचे एकक आहे 'स्टॉप'. एक स्टॉप वाढवला म्हणजे प्रकाश दुप्पट झाला, एक स्टॉप कमी केला म्हणजे निम्मा झाला. शटर १/६० सेकंदाऐवजी १/१२५ सेकंद उघडे ठेवले की प्रकाश जवळजवळ निम्मा होतो. लेन्सच्या छिद्राचे आकडे ४, ५.६, ८, ११ असे विचित्र दिसतात, पण त्यांतही प्रत्येक पायरीला प्रकाश निम्माच होत जातो. स्टॉप हे बेरजेचे नव्हे, गुणाकाराचे माप आहे. म्हणूनच अर्ध्या स्टॉपची पायरी ५० टक्क्यांची नसते, ४१ टक्क्यांची असते आणि एकतृतीयांशाची ३३ नव्हे, २६ टक्क्यांची. चक्रवाढ व्याजाचेच हे गणित. सौभाग्यवतींच्या 'इन्क्रिमेंट'शी त्याची सांगड घातली, तर वर्षाला ३ टक्क्यांनी वाढणारा मूळ पगार एक स्टॉप वाढायला, म्हणजे दुप्पट व्हायला, साधारण साडेतेवीस वर्षे लागतात. एकतृतीयांश स्टॉप म्हणजे जवळपास आठ वार्षिक वेतनवाढी! कॅमेऱ्याच्या चाकाच्या एका टिचकीत आठ वर्षांची इमानेइतबारे केलेली चाकरी मावते, हे त्या रात्री लक्षात आले आणि चाक फिरवताना उगाचच हात जपून चालू लागला.

माझ्या लहानपणी या प्रश्नाला जागाच नव्हती. वडिलांच्या डबा-कॅमेऱ्यावर दोन चित्रे होती, एक सूर्याचे आणि एक ढगाचे. ऊन असेल तर सूर्य, नसेल तर ढग. नोकरीत आल्यावर नव्वदच्या दशकात दिल्लीला असताना चांदणी चौकातल्या कूचा चौधरीच्या कॅमेरा बाजारातून एक जुना पेन्टॅक्स के-१००० घेतला. त्याच्या शटरच्या चकतीवर पूर्ण स्टॉपच्याच खुणा होत्या. मधले काही नाही. लेन्सच्या कड्यावर मात्र अर्ध्यावर एक हलकी 'टक्' लागे. रंगीत निगेटिव्ह फिल्म मोठी क्षमाशील. एखाद-दुसऱ्या स्टॉपने जास्त प्रकाश पडला, तरी स्टुडिओवाला प्रिंट काढताना ते झाकून टाकी आणि आपल्याला वाटे की आपल्याला फोटो काढता येतात.

मग हा एकतृतीयांश आला कोठून? मला वाटते, याचे मूळ फिल्मच्या वेगाच्या मापात आहे. जुन्या जर्मन पद्धतीत, ज्याला डिन म्हणत, फिल्मचा वेग अंशांत सांगत आणि तीन अंश वाढले की वेग दुप्पट होई. म्हणजे एक अंश बरोबर एकतृतीयांश स्टॉपचा. पूर्व जर्मनीची ओर्वो फिल्म त्या काळी आपल्याकडे सर्रास मिळे. तिच्या 'एनपी २२' किंवा 'एनपी २७' या नावांतले आकडे या अंशांचेच होते. बाविसावरून सत्ताविसावर गेले की अमेरिकी मापात १२५ वरून ४००. या पद्धतीतली खरी गंमत अशी की एकतृतीयांशाच्या दहा पायऱ्या चढल्या की आपण जवळजवळ नेमके दसपट होतो. दोनाने गुणत जाणारे जग आणि दहाने गुणत जाणारे जग या पायरीवर एकमेकांना भेटतात. अर्ध्या पायरीला हे भाग्य नाही. असल्या योगायोगाचा मला फार आनंद होतो. कचेरीत तो कोणाला सांगावा हे मात्र कधी कळले नाही.

असे असूनही मी निवड केली ती अर्ध्याची.

कारणे माझ्यापुरती पटणारी होती. माणसाच्या इंद्रियांना फरक कळतो तो वजाबाकीने नव्हे, प्रमाणाने. जर्मन शरीरशास्त्रज्ञ वेबर आणि त्यांच्या पाठोपाठ फेकनर यांनी एकोणिसाव्या शतकात ते मांडले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते त्याच्याही आधी, डॅनियल बर्नुलीच्या १७३८ च्या निबंधातून भेटलेले असते. गरिबाला शंभर रुपयांनी जेवढे समाधान होते तेवढे श्रीमंताला व्हायचे तर त्याच्या संपत्तीच्या त्याच प्रमाणात रक्कम लागते, हा तो विचार. आता, एकतृतीयांश स्टॉपचा फरक असलेली दोन चित्रे शेजारी ठेवली तर डोळ्याला जेमतेम जाणवतो. एक दाखवून दुसरे उद्या दाखवले तर माझ्यासारख्याला कळतही नाही. मग जो फरक कळतच नाही त्यासाठी टिचक्या कशाला वाढवा? उणे एकपासून अधिक एकपर्यंत जायला अर्ध्याच्या पायरीने चार टिचक्या पुरतात, एकतृतीयांशाने सहा लागतात. तेवढ्यात पाखरू उडून जाते.

शिवाय खरे सांगायचे तर अनावश्यक नेमकेपणाची मला नोकरीतच चीड आली होती. पुढच्या वर्षीचा खर्च दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत लिहून पाठवणारे आणि वर्षअखेरीस त्यातला तिसरा हिस्सा परत करणारे प्रस्ताव मी शेकड्यांनी पाहिले आहेत. 'ज्याला माप घेता येत नाही तो दशांश वाढवतो' असे मी कनिष्ठांना ऐकवत असे. अर्ध्यावर चाक लावले आणि निश्चिंत झालो.

आमच्या शाखेत एक सहायक होते. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. नोकरीला सव्वीस वर्षे झालेली, मयिलापूरला कपालीश्वराच्या देवळामागच्या गल्लीत घर, अक्षर मोत्यासारखे, बोलणे कमी. मी कॅमेरा घेतल्याचे कळल्यावर त्यांनी मला एका पहाटे घरी बोलावले. मार्गळी महिना चालू होता. आपल्याकडचा धनुर्मास तो हाच. या महिन्यात तेथे पहाटे दारापुढे सडा घालून मोठमोठी कोलम काढतात. आपली रांगोळी शिरगोळ्याची, यांची तांदळाच्या पिठाची. मुंग्या-चिमण्यांनाही खायला मिळावे ही त्यामागची कल्पना. आधी ठिपके मांडायचे आणि मग त्यांच्याभोवतीने एकच रेषा न तुटता फिरवत आणायची. सहायकांच्या पत्नीला सारी गल्ली 'मामी' म्हणे. साठ-सत्तर ठिपके त्यांनी बोलता बोलता मांडले आणि पाऊण तासात त्यांच्याभोवती रेषेचा गोफ विणला. मी कॅमेरा सरसावला.

कॅमेऱ्यातले प्रकाशमापक यंत्र हुशार असले तरी त्याची समजूत एकच, की समोरचे सारे जग सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे. पांढरी भिंत दाखवा, ते तिला करडी करायला बघते. काळी म्हैस दाखवा, तिलाही करडीच करते. ओल्या, काळपट जमिनीवर पांढरी बारीक रेघ, म्हणजे चौकटीत नव्वद टक्के काळोख. यंत्राने प्रकाश वाढवला आणि रेषा जळून गेल्या. पडद्यावर पाहिले तर पांढरा भाग काळा-पांढरा लुकलुकत होता. अतिरिक्त प्रकाशाने जेथे तपशील उरलेला नाही तेथे कॅमेरा असा डोळे मिचकावून इशारा देतो. मी अर्धा स्टॉप कमी केला. रेषा अजूनही लुकलुकत होत्या, पिठाचा कण दिसत नव्हता. आणखी एक टिचकी, उणे एक. आता पिठाचा पोत दिसू लागला, पण ओल्या मातीचा रंग आणि बाजूला उभ्या मामींच्या जांभळ्या साडीचा काठ पार विझला. हवे होते ते दोहोंच्या मध्ये होते, उणे दोनतृतीयांश. माझ्या चाकावर ती पायरीच नव्हती.

जाणकार म्हणतील, 'रॉ' स्वरूपात चित्र घेतले असते तर नंतर संगणकावर सावरता आले असते. खरे आहे. मी तेव्हा जेपेग घेत होतो. पण रॉ सगळे सावरते असेही नाही आणि ते का, हे समजून घेण्यात माझे पुढचे कित्येक रविवार गेले. डिजिटल संवेदक प्रकाश सरळ बेरजेने मोजतो. चौदा बिटांच्या कॅमेऱ्यात अंधारापासून उजेडापर्यंत १६,३८४ पातळ्या असतात आणि त्यांतल्या निम्म्या, ८,१९२, सर्वांत वरच्या एकाच स्टॉपमध्ये असतात. खालच्या अंधारात पातळ्या विरळ. तेथे तपशील हळूहळू मरतो. दाणे दिसू लागतात, रंग मळतात, पण ओढाताण करून काही तरी हाती लागते. वरच्या टोकाला मात्र उतार नाही, कडा आहे. संवेदकाचे भांडे भरले की पुढचा प्रकाश सांडून जातो. मग तो थोडा सांडला की फार सांडला याची नोंदही कोठे राहत नाही. कड्यापासून दूर असाल तर अर्धा काय, पूर्ण स्टॉप चुकलात तरी निभावते. कड्याशी आलात की एकतृतीयांशही भारी पडतो. फिल्म वापरणाऱ्या आम्हा लोकांची सवय नेमकी उलटी, कारण निगेटिव्हला वरच्या बाजूला कडा जवळपास नव्हताच. वीस वर्षांच्या सवयीने मी कडा नसल्यासारखा चालत होतो.

त्या आठवड्यात मी चाक एकतृतीयांशावर आणले. छायाचित्रणापुरता प्रश्न तेथे मिटला.

कचेरीतला कागद आला तो त्यानंतर. केंद्रीय सेवांतला वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल, ज्याला आम्ही एपीएआर म्हणतो, तो २००८-०९ पासून आकड्यांत लिहिला जातो आणि ज्याचा त्याला दाखवला जातो. त्याआधी तो 'गोपनीय' असे, आणि 'गुड', 'व्हेरी गुड' असे शेरे असत. मे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त यांच्या खटल्यात निकाल दिला की, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. सीमा सडक संघटनेतल्या त्या अभियंत्याला 'गुड' शेरा मिळाला होता. ऐकायला चांगला, पण पदोन्नतीला 'व्हेरी गुड' लागत होता आणि शेरा त्यांना कळवलाच गेला नव्हता. आता एक ते दहा गुण देतात. कामाच्या निष्पत्तीला ४० टक्के वजन, वैयक्तिक गुणांना ३० आणि कार्यक्षमतेला ३०. आठ ते दहा म्हणजे 'आउटस्टँडिंग', सहा ते आठच्या आत 'व्हेरी गुड', चार ते सहाच्या आत 'गुड'. गंमत अशी की हे गुण बारीक दशांशांत द्यायचे आणि पदोन्नतीच्या वेळी त्यांचे पुन्हा ठोकळे करायचे. पहिल्या गटाचे ९, दुसऱ्याचे ७, तिसऱ्याचे ५, चारच्या खाली शून्य. आत जाताना दशांश, बाहेर येताना ठोकळा. संवेदकाच्या हजारो पातळ्यांचे जेपेगमध्ये २५६ होतात, त्यापेक्षाही हा संक्षेप निर्दय.

मी गुण अर्ध्याच्या पायरीने देत असे. माणसाच्या कामात दशांशाचा फरक ओळखण्याचा दावा करणे मला ढोंग वाटे. त्या सहायकांच्या २०१४-१५ च्या अहवालात वैयक्तिक गुणांना ६ दिले, कार्यक्षमतेला ६, आणि दोन तिमाही विवरणे उशिरा गेली म्हणून कामाच्या निष्पत्तीला ५.५. वजने लावून बेरीज झाली ५.८. 'गुड'. पुनरीक्षण करणाऱ्या वरिष्ठांनी सहमती दर्शवली. अहवाल त्यांना दाखवला गेला. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात, त्यांनी घेतली नाही. मी विसरून गेलो.

२०१६ मध्ये सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनुसार नियम बदलला. पदोन्नतीच्या जागा नसणाऱ्यांना दहा, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनपातळी देणारी एमएसीपी नावाची योजना आहे. खालच्या श्रेणींना तीत 'गुड' पुरत असे. २५ जुलै २०१६ पासून सर्वांनाच 'व्हेरी गुड' लागू लागला. सहायकांची तीस वर्षे २०१७ च्या आरंभी पुरी झाली. समितीने मागचे पाच अहवाल पाहिले. चार ठीक होते, एक ५.८ होता. आदेश निघाला त्यात त्यांच्याबरोबर लागलेल्या सर्वांची नावे होती, त्यांचे नव्हते.

ते माझ्याकडे काही बोलायला आले नाहीत. नेहमीप्रमाणे सह्यांच्या फायली घेऊन आले, पाने उलटून धरत राहिले. मला दुसऱ्याकडून कळले होते. मीच विचारले, तुम्ही त्या वेळी हरकत का घेतली नाही? ते म्हणाले, "सर, तेव्हा गुड पुरेसे होते. पाच पूर्णांक आठ आणि सहा यांत मला काय फरक पडणार होता? तुमच्याविरुद्ध अर्ज कशाला करायचा?"

मी तो अहवाल आस्थापना शाखेतून मागवून पाहिला. पहिला विचार आला तो चाकाचाच. मी एकतृतीयांशाची पायरी वापरली असती तर? ५.५ ऐवजी ५.६७ दिले असते तर बेरीज ५.८७ झाली असती. तरीही 'गुड'च. दशांशाची वापरली असती आणि अगदी ५.९ दिले असते तरी ५.९६. कोणतीही बारीक पायरी त्यांना सहाच्या वर नेत नव्हती. नेले असते ते एकाच गोष्टीने. सही करण्यापूर्वी मी बेरीज करून, सहाचा आकडा किती जवळ आहे हे पाहून, त्या उशिराच्या कारणाकडे पुन्हा एकदा वळलो असतो तर. मी बेरीज केलीच नव्हती. ती शाखेतल्या लिपिकाने केली होती.

मग त्या दोन विवरणांच्या फायली काढल्या. पहिल्याचा उशीर क्षेत्रीय कार्यालयांकडून आकडे न आल्याने झाला होता. त्यांची तीन स्मरणपत्रे फायलीत होती. दुसऱ्याचा उशीर एकंदर बारा दिवसांचा. त्यातले नऊ दिवस फाइल माझ्याच टेबलावर होती, मी दौऱ्यावर होतो. फायलीच्या टिपणीवर माझ्या हाताच्या तारखा होत्या. अहवाल लिहिताना हे मला आठवले नव्हते आणि मी पाहिलेही नव्हते.

मी त्यांना विलंबमाफीसह अर्ज करायला सांगितले आणि सोबत या नऊ दिवसांची नोंद लेखी दिली. पहिला अर्ज मुदतबाह्य म्हणून परत आला. नियमाप्रमाणे ते योग्यच होते. मीही त्या खुर्चीत असतो तर कदाचित तेच केले असते. दुसऱ्या अर्जाच्या वेळी माझी दिल्लीला बदली झाली होती. तेथून मी अभिप्राय पाठवला. शेवटी सक्षम अधिकाऱ्यांनी विलंब माफ केला, निष्पत्तीचे गुण ६ झाले, पुनर्विलोकन समिती बसली आणि डिसेंबर २०१८ मध्ये मूळ तारखेपासून लाभ मिळाला. थकबाकी मिळाली, व्याजाविना. रक्कम फार मोठी नव्हती, एका वेतनवाढीच्या आसपास. पण एकवीस महिने ते त्या शाखेत रोज येत होते आणि आदेशात आपले नाव का नाही हे ज्याने त्याने विचारले की सांगत होते. मला स्वतःला असे काही सोसावे लागले असते तर मी इतक्या शांतपणे पाने उलटून धरली नसती.

दिल्लीत असताना एक बातमी वाचून हे सारे पुन्हा वर आले. एप्रिल २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी एका भाषणात सुचवले की, व्याजदर पावच टक्क्याच्या पटीत बदलले पाहिजेत असे काही नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पतधोरण समितीने रेपो दर ५.७५ वरून ५.४० टक्क्यांवर आणला, म्हणजे ०.३५ टक्क्यांची कपात केली. पाव कमी पडेल, अर्धा जास्त होईल, असा युक्तिवाद होता. आमच्या कँटीनमध्ये त्यावर बरीच थट्टा झाली. पस्तीस हा काय आकडा आहे, असे माझे एक मित्र, तेही अर्थशास्त्राचेच, म्हणाले. मी थट्टेत सामील झालो नाही. त्यांच्या चाकावर दोनतृतीयांशाची पायरी नव्हती, ती त्यांनी करून घेतली, एवढेच मला दिसत होते. २०२२ मध्ये दर वाढवतानाही एकदा ०.४० आणि एकदा ०.३५ अशा पायऱ्या आल्या. नंतर पुन्हा पाव आणि अर्धा सुरू झाले. सवय ही अशीच परत येते.

गुण देताना मी अजूनही अर्ध्याचीच पायरी वापरतो. दशांशाचे ढोंग मला जमत नाही. फरक एवढाच की बेरीज आता मी स्वतः करतो, पेन्सिलने, आधी. आणि ती ५.५ ते ६.२ किंवा ७.५ ते ८.२ यांमध्ये पडली की त्या माणसाच्या वर्षभराच्या फायली मागवतो. याने मार्च-एप्रिलनंतरचे माझे शनिवार जातात आणि खालची मंडळी कुरकुर करतात.

फेब्रुवारी २०२० मध्ये सहायक निवृत्त झाले. लीप वर्ष होते. २९ तारखेला शनिवार, म्हणून निरोपाचा कार्यक्रम शुक्रवारी २८ ला झाला. एका बैठकीसाठी मला योगायोगाने त्याच आठवड्यात चेन्नईला जायचे होते. कॅमेरा बरोबर नेला. ते पांढरा सदरा आणि पांढरी वेष्टी नेसून आले होते. मामी शेजारी, गडद हिरव्या कांजीवरमात. सभागृहाच्या खिडकीतून दुपारचे ऊन येत होते. कोलमच्या अगदी उलट प्रसंग. आता चौकटीत पांढरेच पांढरे, आणि यंत्र त्याला करडे करायला टपलेले. त्यांचा सावळा चेहरा त्यात अंधारून जाणार. मी प्रकाश वाढवत तीन चित्रे घेतली, अधिक एकतृतीयांश, अधिक दोनतृतीयांश, अधिक एक. पहिल्यात वेष्टीची घडी न् घडी आणि जरीचा काठ शाबूत, चेहरा काळोखा. दुसऱ्यात बराच मेळ बसलेला. तिसऱ्यात चेहरे उजळ, पण वेष्टी गुडघ्यापासून खाली पार लुकलुकणारी.

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिन्ही दाखवली आणि दुसरे चांगले आहे असे सांगितले. त्यांनी चष्मा वर करून पाहिले, मामींना दाखवले, तमिळमध्ये काही बोलणे झाले. मग त्यांनी तिसऱ्यावर बोट ठेवले.

"यात वेष्टी जळली आहे," मी म्हणालो. "घड्या गेल्या. त्या आता कशाने परत येणार नाहीत."

"असू द्या सर," ते म्हणाले. "वेष्टीच्या घड्या धोब्याला ठाऊक आहेत. यात हिचा चेहरा नीट आला आहे."

दिल्लीला परतल्यावर त्याच चित्राची बारा बाय अठरा इंची प्रत काढून त्यांना स्पीड पोस्टाने पाठवली. माझ्या संगणकावर ते चित्र उघडले की वेष्टीचा भाग अजूनही लुकलुकतो.